जुना पार्ट जमा करून

रुवीतल्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर रीमा माझा जबडा उजेडापुढे धरते.
काळ्या फिल्मवर एकवीस उभे आहेत,
त्यातले तीन नुसते नावाला.
"अंकल, हड्डी अच्छी है," ती म्हणते,
तिची हिंदी दमास्कसमार्गे येते,
"स्क्रू बैठेगा."
एका स्क्रूचे तीनशे साठ रियाल.
मी तिथल्या तिथे तिप्पट करतो. जुनी खोड.
एक हजार ऐंशी.

एकतीस वर्षं मी
रुसैलच्या सिमेंट कारखान्याचं स्टोअर सांभाळलं.
क्रशरलाही दात असतात.
दर अकरा महिन्यांनी झिजायचे, दगड खाऊन.
नवे यायचे जर्मनीहून, घाई असली तर विमानाने,
आणि किंमत कुणी मोठ्याने वाचत नसे.
खाली सही माझी : फणीकर, स्टोअर्स.

आता चौतीस दिवस उरलेत.
विम्याच्या कार्डामागे बारीक अक्षरात आहे :
दात काढणे, मिळेल.
दात लावणे, नाही.
ऑफिसातल्या पोराजवळ मी दातांच्या कण्या केल्या,
होते तेवढ्या दातांच्या.
पोरगा भला. उठून पाणी दिलं, गार नको ना, विचारून.
कार्ड मात्र तेच राहिलं.

हप्ते बांधून देतात म्हणे.
काउंटरवरची मुलगी आकडे मांडते, बारा महिने,
मग सहज विचारते, व्हिसा कधीपर्यंत?
मी तारीख सांगतो.
ती पेनाला टोपण लावते.

शाल्मली फोनवर म्हणते, बाबा, मी पाठवते.
तिच्याच पोराच्या दातांना तारा बसवायच्यात यंदा.
मी म्हणतो, आवाज येत नाहीये नीट.
शालन काही म्हणत नाही.
हातातल्या दोन बांगड्या कोपरापर्यंत सरकवते
आणि भाकरी दुधात कुस्करून देते.
ग्रॅच्युइटी तर केव्हाच वाटून झाली, वहीच्या पाठीमागे :
चिपळूणच्या घराचा स्लॅब, दिराचं देणं, शालनचा गुडघा.
चार वेळा खाडाखोड केली त्या पानावर,
दात एकदाही आले नव्हते.

संध्याकाळी मुत्रहच्या बाकावर लतीफ मुकादम.
म्हसळ्याचा. तेवीस वर्षं क्रेनवर.
त्याने वरची बत्तिशीच बदलली, गेल्या रमजानआधी.
"येडा झालास? इथं नुसते काढून घे, कार्डावर,
कार्ड जितं हाय तवर.
लावायचे तिकडं. डेंटल कॉलेजात पोरं शिकतात,
मास्तर मागं उभा असतो. चौथाई पैशात काम.
खेपा मात्र लई. बारा म्हण, पंधरा म्हण."
"इतका वेळ?"
"मग तुला दुसरं काय काम हाय आता?"
आणि तो हसायला लागतो,
थांबतो, पाठ वळवून कवळी रुमालात ठेवतो,
आणि मग हसतो.
ती घालून नीट हसता येत नाही म्हणाला. चावता येतं.
समुद्रात धावे उभ्या होत्या. शेंगदाणे त्यानेच संपवले.

तर आज सकाळी तीनही निघाले.
बधिर गालाने मी एक गोष्ट मागितली :
ते मला द्या.
डॉक्टर रीमा थबकली. लोक मागत नाहीत.
कसं सांगणार तिला, आमच्या खिडकीचा नियम होता,
मीच पाळला आणि इतरांना पाळायला लावला :
जुना पार्ट जमा केल्याशिवाय
नवा मिळणार नाही.
फोरमन शिव्या द्यायचे. मी खिडकी लावून घ्यायचो.

घरी येऊन पिशवीला चिठ्ठी बांधली,
तीन नग, झिजलेले. मागणी : प्रलंबित.
एक्स-रेच्या पाकिटाबरोबर हँडबॅगेत ठेवली.
शालन म्हणाली, विमानतळावर विचारलं तर?
मला बोलता येत नव्हतं.
तोंडात कापूस होता,
आणि सहीची जागा रिकामी होती अजून,
तिथे कुणाचं नाव घालायचं ते ठरेना.